विद्यार्थ्यांचा क्रीडा क्लब चालवताय? क्यूआर कोड, सह्या आणि छोटा हत्ती: या चुका टाळा

क्लब सुरू होतो तो व्हॉट्सॲप ग्रुपवर. कॉलेजची चार-पाच पोरं, कधीकाळी विद्यापीठाच्या संघात खेळलेले एक सर, जिल्हा परिषद शाळेचं मैदान आणि महिन्याला ठरलेली थोडी फी. धाराशिवच्या सारिका काळेंना खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे दोन ऑलिंपिक धावला. ही नावं घेत आई-बाप लेकरांना घेऊन येतात आणि बघता बघता शंभर मुलं होतात. कारभार मात्र तसाच राहतो, एका माणसाच्या मोबाइलवर. चोरी करणारे क्लब थोडेच असतात. अडकतात ते प्रामाणिक लोक, कारण सगळं त्यांच्या शब्दावर चाललेलं असतं आणि कागद कुठेच नसतो.

फी सरांच्या क्यूआर कोडवर

मैदानाच्या कडेला प्लॅस्टिकचं टेबल, त्यावर चिकटपट्टीने लावलेला क्यूआर कोड. स्कॅन केलं की क्लबचं नाव येत नाही, सरांचं येतं. वर्षभराची फी, स्पर्धेची प्रवेश फी, एखाद्या दुकानदाराने टी-शर्टसाठी दिलेले पैसे, सगळं त्यांच्या बचत खात्यात. त्याच खात्यात पगार आणि त्यातूनच घराचा हप्ता. आयकर खात्याने विचारलं तर हे उत्पन्न माझं नाही, हे सरांनाच सिद्ध करावं लागतं. कुणाच्या तरी फसवणुकीचा पैसा फिरत फिरत त्या खात्यात आला आणि सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बँकेने खातं गोठवलं, तर क्लबही बंद आणि सरांचं घरही अडचणीत.

यावर उपाय नोंदणीचा. सात सज्ञान सभासद, लिहिलेली घटना आणि नियमावली, कार्यालयाच्या जागेचा पुरावा एवढं जमलं की सोसायटी नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० या दोन्हींखाली नोंदणीसाठी धर्मादाय कार्यालयात अर्ज करता येतो. मग संस्थेच्या नावाने पॅन, ठराव करून बँक खातं, आणि दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत अशी अट. क्यूआर कोड त्या खात्याचा लावा.

नोंदणी नसताना धर्मादाय कामाच्या नावाने गावात वर्गणी फिरवायची असेल तर गणेश मंडळं काढतात ती याच १९५० च्या कायद्यातल्या कलम ४१ क ची परवानगी आधी घ्यावी लागते. बऱ्याच क्रीडा मंडळांना हे ठाऊकच नसतं. मोटारसायकलची लकी ड्रॉ कुपनं विकून निधी उभारणं तर त्याहून वाईट. राज्य सरकारच्या परवानगीशिवाय लॉटरी चालवणं हा गुन्हा आहे, कुपनावर 'क्रीडा विकासासाठी' छापल्याने तो टळत नाही.

अध्यक्ष पुण्याला गेले

विद्यार्थ्यांच्या क्लबचं खरं दुखणं हे. नोंदणीच्या वेळी अध्यक्ष बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, सचिव त्याचा वर्गमित्र. दोन वर्षांत एक एमपीएससीच्या तयारीला पुण्यात, दुसरा चाकणला कंपनीत. इकडे नवी पोरं स्पर्धा घेतात, पण बँकेत चेकवर सही चालते जुन्यांचीच. मग कुणीतरी शक्कल लढवतं. अध्यक्ष गावी दिवाळीला आले की अख्ख्या चेकबुकवर कोऱ्या सह्या करून घ्यायच्या. त्या चेकबुकचं पुढे काय होईल याची जबाबदारी सही करणाऱ्यावर असते, आणि तो सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेला.

कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात फेरफार अहवाल द्यावा लागतो. चेंज रिपोर्ट म्हणतात तोच. सभेचा अजेंडा, तो सभासदांना मिळाल्याचा पुरावा, प्रोसिडिंग बुकातला (सभेच्या इतिवृत्ताच्या वहीतला) ठराव, जुन्यांचे राजीनामे आणि नव्यांची संमतीपत्रं जोडावी लागतात. नुसत्या व्हॉट्सॲपवर 'सर्वानुमते निवड' टाकून भागत नाही. मुदत उलटून गेली असेल तर विलंब माफीच्या अर्जासह अहवाल दाखल करा. जुने पदाधिकारी भांडून गेले असतील तर ते हरकत घेऊ शकतात आणि प्रकरण लांबतं, म्हणून राजीनामा माणूस गावात असतानाच लेखी घ्या.

माझं मत विचाराल तर सातही जण विद्यार्थी ठेवू नका. निदान तिघे असे हवेत की जे गाव सोडून जाणार नाहीत: एखादे निवृत्त क्रीडाशिक्षक, पालकांपैकी कुणी दुकानदार, एखादी शिक्षिका. आणि फक्त नावाला सही करू नका, असं त्यांना आधीच सांगा. विश्वस्त म्हणून नाव लागलं की हिशेबाबद्दल प्रश्न त्यांनाही विचारला जातो.

हिशेबाचं थोडक्यात. रोजची किर्द म्हणजे जमाखर्चाची वही, नंबर छापलेलं पावती पुस्तक, प्रत्येक खर्चाला व्हाउचर, आणि नेट, मॅट, भाले, गोळे अशा टिकाऊ सामानाची नोंदवही, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर. ३१ मार्चला हिशेब बंद करून सहा महिन्यांत ऑडिट करून घ्यायचं आणि धर्मादाय कार्यालयात दाखल करायचं. 'यंदा काही उलाढालच नव्हती' म्हणून सोडून देऊ नका. शून्य व्यवहाराचाही हिशेब द्यावा लागतो. नोंदणी झाली म्हणजे देणगीदाराला देणगीवरची करसवलत, लोक जिला ८०जी म्हणतात, ती लागू झाली असंही नाही. त्यासाठी आयकर खात्याकडे वेगळा अर्ज लागतो, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळतच नाही. मंजुरी येण्याआधी पावतीवर 'करसवलतीस पात्र' छापणारे महाभाग आहेत.

छोट्या हत्तीतून स्पर्धेला

किनवटहून नांदेडला किंवा परंड्याहून धाराशिवला संघ न्यायचा, पैसे कमी. मग कुणाचा तरी छोटा हत्ती, म्हणजे छोटा मालवाहू टेम्पो येतो, पंधरा पोरं मागे उभी, घोषणा देत. मालवाहू गाडीत बसलेल्या अशा प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच स्पष्ट केलं आहे. अपघात झाला तर दावा गाडीमालकावर येतो, आणि पोरांना त्यात बसवणाऱ्या क्लबलाही पालक प्रतिवादी करू शकतात. पांढऱ्या पाटीची खासगी जीप भाड्याने घेतली तरी विमा कंपनी अट मोडल्याचं कारण पुढे करते. काळी-पिवळी घ्यायची तर परवाना, विमा आणि किती जणांची क्षमता आहे ते बघून घ्या, कागदांचे फोटो काढून ठेवा. मोठा संघ असेल तर एसटी प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी बस भाड्याने मिळते. ती महाग वाटते, पण दोन शाळांचे संघ एकत्र गेले की खर्च वाटून जातो.

पालकांचं संमतीपत्र सगळेच घेतात आणि त्यात 'काही झाल्यास क्लब जबाबदार राहणार नाही' हे ठळक छापतात. या वाक्यावर फार विसंबू नका. १८ वर्षांखालच्या मुलाशी करार होत नाही, आणि निष्काळजीपणा झाला असेल तर बापाच्या सहीने तो धुऊन निघत नाही. मे महिन्यात दुपारी बाराला शिबिर, प्यायला पाणी नाही, गोळाफेकीच्या रेषेत लहान पोरं बसलेली: असं असताना तो कागद काय कामाचा? त्यापेक्षा संमतीपत्रात रक्तगट, दमा किंवा फिट्सचा त्रास, आणि घरच्या दोघांचे नंबर लिहून घ्या. सभासदांचा समूह अपघात विमा काढा आणि त्याचा हप्ता फीमध्येच धरा.

मुली खेळायला येत असतील, आणि याव्यातच, तर एक गोष्ट कार्यकारिणीत मोठ्याने वाचून दाखवा. अल्पवयीन मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने ते दडवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'सर चांगले आहेत, आपण आपसात मिटवू' ही भाषा इथे चालत नाही. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेचं ठिकाण हीसुद्धा कामाची जागा धरली आहे. दहापेक्षा कमी लोक कामावर असले तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर मैदानावर लेकरांना दिसेल असा लिहून ठेवा.

शेवटचं, प्रमाणपत्रं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुण आहेत, त्यामुळे एका कागदासाठी लोक गळ घालतात. 'सर, पोराचं भलं होईल, फक्त सहभाग लिहून द्या.' नोकरीच्या वेळी हे प्रमाणपत्र पडताळणीला विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे जातं, तिथे मूळ प्रवेशिका आणि गुणपत्रिका मागितल्या जातात. खोटं निघालं तर नोकरी जाते त्या पोराची आणि गुन्हा दाखल होतो सही करणाऱ्यावरही. स्पर्धेच्या घाईत वेळ वाचावा म्हणून आधीच सह्या-शिक्के मारून ठेवलेली कोरी प्रमाणपत्रं कपाटात असतील, तर ती मोजा, फाडून टाका आणि किती फाडली ते पुढच्या सभेत प्रोसिडिंगला लिहा.