जुना फ्लॅट घेताना भिंतीतल्या भेगा कशा तपासाव्यात

"केसाएवढी भेग चालते, नाणं जाईल एवढी असली तर घर सोडा." मुंबईत घर बघायला निघालात की हे ज्ञान कुणीही फुकट देतं. ते विसरा. भेग किती रुंद आहे हे नंतर. ती कशावर पडली आहे हे आधी बघा. आरसीसी, म्हणजे लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या इमारतीचा भार कॉलम (उभे खांब), बीम (आडव्या तुळया) आणि स्लॅब (छत) पेलतात, मधल्या विटांच्या भिंती फक्त आडोशाला असतात. (भारवाही भिंतींच्या जुन्या चाळींना हे लागू नाही. तिथे इंजिनिअरशिवाय पाऊलही पुढे टाकू नका.)

घर दिवसा बघा, जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये. ताजा रंग दिसला तर मोबाइलचा टॉर्च भिंतीलगत तिरका धरा, बुजवलेल्या भेगा उठून दिसतात. भिंतीवर सगळीकडे पसरलेल्या बारीक रेघा गिलाव्याच्या, त्या रंगाबरोबर निस्तरतात. बीमच्या खाली सरळ आडवी गेलेली बारीक रेघही बहुतेक वेळा वीट आणि बीमच्या सांध्याची असते. तिरकी, पायऱ्यापायऱ्यांनी चढलेली भेग खालच्या-वरच्या मजल्यांवरही त्याच जागी असेल तर पाया खचल्याची शंका धरा.

खरी पंचाईत उभ्या भेगेची. हा फरक डोळ्यांत बसायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण कॉलम आणि भिंत एकाच गिलाव्याखाली झाकलेले असतात. वीट आणि काँक्रीटच्या सांध्यावर उभी रेघ पडते, ती बिनधोक. कॉलमच्या कोपऱ्यातली सळई गंजली तरी तशीच उभी रेघ पडते, आणि ती घातक. गंजलेलं लोखंड फुगून मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतं आणि आतून काँक्रीट फोडतं. सुरुवातीला ही भेग केसाएवढीच असते, म्हणून तर रुंदीचा नियम इथे घात करतो. समुद्राची खारी हवा आणि वर्षानुवर्षांची गळती असलेल्या या शहरात अशी भेग मुळीच दुर्मीळ नाही.

आधी कॉलम नेमका कुठे आहे ते शोधा. खाली पार्किंगमध्ये कॉलम उघडे दिसतात. जिन्यापासून अंतर धरून तुमच्या खोलीत तो कुठे येतो ते काढा. मग भेगेवरून तळहात फिरवा. सांध्याच्या भेगेच्या दोन्ही बाजू एका पातळीत लागतात. गंजाच्या भेगेची एक बाजू किंचित उचललेली लागते, नाण्याने ठोकलं तर पोकळ वाजते, कधी तपकिरी डागही दिसतो. तोच कॉलम पार्किंगमध्येही फुटलेला किंवा नुकताच लिंपलेला असेल, तर मालकाच्या "फक्त प्लास्टर आहे" या वाक्यावर विश्वास ठेवू नका.

बाथरूमचं छतही बघा, गळतीने तिथलीही सळई गंजलेली असू शकते. पीओपीने झाकलं असेल तर एक दिवा काढून आत टॉर्च मारा.

शेवटी सोसायटीकडून स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा रिपोर्ट मागा. 30 वर्षांपुढच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम 353-ब नुसार हे ऑडिट बंधनकारक आहे. सी-1 शेरा म्हणजे इमारत धोकादायक, रिकामी करून पाडण्याच्या वर्गातली. सी-2 म्हणजे स्ट्रक्चरल दुरुस्ती, आणि सोसायटी त्यासाठी जी वर्गणी काढेल ती नव्या मालकाच्या गळ्यात पडते. रिपोर्ट हातात येईपर्यंत टोकनचा एक रुपयाही देऊ नका.