रिअ‍ॅक्टर धुवायचा आहे? आदल्या शिफ्टपासून करायची तयारी

टोल्यूइन या सॉल्व्हंटची (द्रावकाची) बॅच खाली उतरली, रिअ‍ॅक्टर (रसायनांची प्रक्रिया करायचे भांडे) रिकामा झाला, की प्लांटवर सगळे सैल पडतात. मला मात्र तिथूनच धाकधूक सुरू होते. रिकाम्या रिअ‍ॅक्टरमध्ये वाफ उरते आणि हवेत ती जेमतेम १.१ टक्का मिसळली तरी ठिणगीला पुरते. टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटण्याइतकी वाफ सुटू लागते ते तापमान, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटेही ते पेटण्याजोगी वाफ देत असते.

तेव्हा आदल्या शिफ्टलाच लॉगबुक उघडून आत काय काय पडले आहे ते बघा. तळाशी चिकट गाळ असेल तर नमुना लॅबला पाठवा. तापवल्यावर तो काय करतो हे कळेपर्यंत स्टीमच्या व्हॉल्व्हला हात लावू नका. इंग्लंडमध्ये कॅसलफर्डच्या हिक्सन अँड वेल्च कारखान्यात २१ सप्टेंबर १९९२ रोजी नायट्रोटोल्यूइनच्या भांड्यातला वर्षानुवर्षांचा गाळ मऊ करायला स्टीम सोडली आणि लोखंडी दाताळ्याने तो ओढायला घेतला. काटा तापमान दाखवत होता, पण गाळाचे नाही, वरच्या मोकळ्या जागेचे. ज्वाळेचा लोळ बाहेर आला आणि पाच जण गेले.

धुलाई मॅनहोल (माणूस आत उतरायचे तोंड) बंद ठेवून, नायट्रोजनखाली, ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या आत आणूनच करा. ग्लासलाइन्ड (आतून काचेचा थर असलेल्या) रिअ‍ॅक्टरमध्ये काच वीज वाहून नेत नाही आणि टोल्यूइनही नेत नाही, त्यामुळे बाहेरून अर्थिंग चोख असले तरी ढवळताना तयार झालेला चार्ज आतच रेंगाळतो. अ‍ॅजिटेटर (आतली ढवळणी) हळू फिरवा. चालण्यासारखे असेल तर शेवटची धुलाई मिथेनॉलने करा; तेही पेटते, पण चार्ज धरून ठेवत नाही. ड्रम, पंप, होजपाइप सगळ्यांना जंपर (एकमेकांना जोडणारी अर्थिंगची तार) लावा. प्लॅस्टिकच्या बादलीने सॉल्व्हंट कधीच ओतू नका. मी नवीन असताना एका कारखान्यात असेच ओतताना माझ्यासमोर भपका उठला. ओतणाऱ्याचे भुवयांवर भागले, पण त्या क्षणीचा ‘भप्प’ असा आवाज अजून कानात आहे.

धुऊन झाल्यावर खरवडायला माणूस आत उतरवायचा, तर आता लाइन्स. व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे लाइन तोडली असे होत नाही; फ्लँज (पाइपचा बोल्टचा जोड) खोलून ब्लाइंड (पाइप बंद करणारी भरीव चकती) टाका आणि कोणता ब्लाइंड कुठे हे परमिटवर (कामाच्या लेखी परवान्यावर) लिहा. सगळ्यांत हमखास विसरतो तो कंडेन्सरमध्ये थंड झालेले सॉल्व्हंट परत आत आणणाऱ्या रिफ्लक्स लाइनचा यू-लूप. त्याच्या पोटात सॉल्व्हंट बसून राहते. सकाळी ८ला गॅस टेस्ट निर्दोष येते, उन्हाने लाइन तापली की थेंब थेंब आत गळू लागते आणि १०ला आत वाफ असते. यू-लूपचा ड्रेन तुम्ही स्वतः उघडा, खाली भांडे धरा, थेंब थांबेपर्यंत तिथेच उभे राहा.

गॅस मीटरबद्दल एक गोष्ट घोकून ठेवा. एलईएल म्हणजे हवेत किमान जेवढी वाफ असली की ती पेटते ते प्रमाण; मीटर त्याचे किती टक्के झाले ते दाखवतो. आपला नेहमीचा एलईएल मीटर वाफ जाळून मोजतो, त्याला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरलेल्या रिअ‍ॅक्टरमध्ये तो खुशाल शून्य दाखवील. आधी नायट्रोजनने वाफ काढा, मग हवा खेळवा, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांवर आला की मगच एलईएल वाचा, आणि तळापासून वाचा, कारण टोल्यूइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते. १० टक्के एलईएल ‘पास’ म्हणून माणूस आत सोडू नका: ते ११०० पीपीएमच्या (दहा लाखांत ११०० भाग) घरात जाते आणि ५०० पीपीएमलाच जिवाला धोका मानतात.

आतला दिवा २४ व्होल्टचा आणि फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवणार नाही असा) हवा, १९४८च्या फॅक्टरी कायद्यानेही तसेच सांगितले होते. अ‍ॅजिटेटरचे फ्यूज काढून फ्यूजच्या खोलीला कुलूप, किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात. मोबाइल गेटवरच. खरवडायला पितळी पट्टी घ्या, पण तिच्या भरवशावर गॅस टेस्ट टाळू नका.

मॅनहोलवर जो उभा राहील त्याला दुसरे कुठलेही काम देऊ नका; बदली आल्याशिवाय त्याने जागा सोडायची नाही. जेवणाची सुट्टी झाली, माणसे परत आली, की आत उतरण्याआधी पुन्हा टेस्ट करा आणि नवे रीडिंग वेळेसकट परमिटवर लिहा.