बाँडची पुढची स्टोरी लिहायचीय? आधी व्हिलनची खतावणी उघडा

२०२१ च्या पिक्चरमधे जेम्स बाँड मेला. म्हणजे खरंच मेला, बेटावर उभा होता, वरून मिसाईल पडले, विषय संपला. आणि सगळी नावं सरकून गेल्यावर पाटी आली की जेम्स बाँड परत येणार. तेव्हापासून जालन्याच्या मोंढ्यात आमच्या आडत दुकानासमोरच्या टपरीवर हाच वाद चालूय की परत येणार म्हणजे कसा येणार. आता तर २०२५ मधे सगळी सूत्रं ॲमेझॉनकडं गेली, डेनी व्हिलनव्ह डायरेक्टर ठरला (नावातच व्हिलन, बघा), स्टीव्हन नाइट लिहायलाय. पण आमच्या पोरांचं म्हणणं असं की त्यांचं होईल तवर आपण पण लिहून बघू की, कोण अडवतंय. चौघांनी लिहिलं. त्यातल्या तीन स्टोऱ्या वाचवत नव्हत्या, त्या तिनातली एक माझीच होती. काय चुकलं अन् कसं सुधारलं ते सांगतो, तुम्हाला लिहायची असली तर कामाला येईल.

सुरुवातीलाच सगळे अडकतात ते मेलेल्या माणसावर. आमच्यातल्या एकानं चार पानं नुसती हे समजवण्यात घातली की मिसाईल पडायच्या आत तो पाण्यात कसा उडी मारतो, मग पाणबुडी, मग चेहऱ्याचं ऑपरेशन. अरे बाबा कशाला? काहीच समजवू नका. तमाशात कसं, गण होतो, गवळण होते, ते पब्लिकला पाठ असतं आणि तरी पाहिजेच असतं, वग मात्र दरवेळी नवा लागतो, आणि कालच्या वगात मेलेला राजा आज परत गादीवर बसला तर कोणी उठून हिशोब मागत नाही. बाँडचं तसंच आहे. बंदुकीच्या नळीतून दिसणारा माणूस, ती धून, टायटलच्या आधीची मारामारी, हे गण-गवळण. ते ठेवा. वग नवा मांडा. मालिकेनं स्वतः पण हेच केलंय, २००६ ला डॅनियल क्रेगचा बाँड कोरा करकरीत, माणूस मारायचं सरकारी लायसन नुकतंच मिळालेलं, पण त्याची बॉस कोण तर ज्युडी डेंचच, जी १९९५ पासून पिअर्स ब्रॉस्ननची बॉस होती. जुळतं का? नाही जुळत. कोणाचं अडलं? आणि उलटं पण बघा, १९६९ ला जॉर्ज लेझनबीच्या बाँडची बायको मारली गेली, आणि १९८१ ला रॉजर मूर तिच्या कबरीवर फुलं घेऊन गेला. माणूस बदलला पण दुःख तेच. म्हणून मागचं जे कामाचं आहे तेवढंच उचला, बाकी सोडून द्या.

दुसरी गोष्ट, मोठं करू नका. हे लिहायला सोपं आहे अन् पाळायला लै अवघड, कारण लिहिता लिहिता हात आपोआप उपग्रहाकडं जातो. माझ्या पहिल्या स्टोरीत तीन देश बुडत होते. पण ह्या मालिकेची चाल नीट पाहिली तर एक गोष्ट दिसते. १९६७ ला ज्वालामुखीच्या पोटात रॉकेटचा तळ होता, पुढच्याच पिक्चरमधे, १९६९ ला, बर्फातला डोंगर अन् एका पोरीवर जीव जडलेला माणूस. १९७९ ला बाँड थेट अंतराळात, १९८१ ला परत जमिनीवर, कड्यावर दोरीला लटकून चढायलाय. २००२ ला गायब होणारी गाडी अन् बर्फाचा महाल, आणि मग २००६ ला एका टेबलावर पत्ते. तीनदा फुगा फुगला अन् तीनदा त्यांनीच हवा काढली. २०२१ चा पिक्चर तर सगळ्यात मोठा होता, रक्तात सोडलेले यंत्रकिडे, अख्खं बेट, वर हिरोचं मरण. त्याच्या वर आता काय रचणार? खालीच यावं लागतंय.

आता खालीच यायचं तर उभं कशावर राहायचं, ते म्हणजे व्हिलन. इथं जरा जास्त बोलतो कारण हा आमच्या धंद्यातला विषय आहे.

व्हिलन लिहायच्या आधी त्याची खतावणी लिहा. खरंच वही घ्या. तो विकतो काय, घेणारा कोण, उचल कोणाची घेतलीय, कोणाचे देणे थकलेत, आणि येत्या पंधरवड्यात कोण दारात येऊन बसणार आहे. हे पाच आकडे जर तुम्हाला सांगता येत नसतील तर तुमचा व्हिलन म्हणजे मांजर मांडीवर घेऊन बसलेला एक टकला माणूस, बाकी काही नाही. २००६ चा ल शिफ्र मला मालिकेतला सगळ्यात भारी व्हिलन वाटतो आणि त्याचं कारण मोंढ्यातल्या कोणत्याही माणसाला एका मिनिटात कळेल. ह्यानं काय केलं, दहशतवाद्यांचा पैसा सांभाळायला घेतला अन् तो शेअर बाजारात सट्ट्याला लावला, एका विमान कंपनीचा भाव पडणार म्हणून, भाव पाडायची सोय पण स्वतःच केली. बाँडनं तो घातपात होऊ दिला नाही, भाव पडलाच नाही, पैसा बुडाला. आता ज्यांचा पैसा आहे ते काही पोलिसात जाणारे लोक नाहीत. म्हणून तो मॉन्टेनेग्रोत पत्त्यांचा डाव मांडतो, एकेकाचे एक कोटी डॉलर टेबलावर. शेतकऱ्याच्या पट्टीचा पैसा वायद्यात घालणारा आडत्या असतोच की एखादा, दोन वर्षं दिवाळी जोरात करतो अन् तिसऱ्या वर्षी दुकानाला कुलूप. फरक एवढाच की आमच्याकडं शेतकरी ओट्यावर बसून राहतो, तिकडं कोयता घेऊन येतात. ल शिफ्र घाबरलेला आहे म्हणून तो भीतीदायक आहे, घाबरलेला माणूस काय बी करू शकतो.

ह्याच्या नेमकं उलटं २०१५ ला केलं, मागच्या तीन पिक्चरमधलं सगळं दुखणं एकाच माणसानं घडवलं, का तर लहानपणी त्याच्या बापानं बाँडवर जास्त माया केली. अहो ह्याचा हिशोब कोणत्या वहीत लिहायचा?

आणि एक माझं मत, पटलं तर घ्या. २००८ चा व्हिलन लोकांना लै फिका वाटला, डॉमिनिक ग्रीन, ना अंगात ताकद ना चेहऱ्यावर वण. पण तो बोलिव्हियात जमिनीखालचं पाणी धरण बांधून अडवून ठेवतो आणि मग सत्तेवर येणाऱ्या जनरलला म्हणतो की आता देशाला पाणी मीच देणार, माझ्या भावानं, कर सही. लंडनमधल्या माणसाला हे पचलं नसेल. मी तो पिक्चर २०१६ च्या उन्हाळ्यात परत पाहिला, तेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी चालू होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आणि आमच्या गल्लीत टँकरवाल्याचा फोन ज्याच्याकडं आहे त्याला लोक नमस्कार घालायलेत. मला घाम फुटला गड्या. अणुबाँब मी पाहिला नाही, रिकामा टँकर पाहिलाय. तुमच्या व्हिलननं असंच काहीतरी अडवलं पाहिजे जे वाचणाऱ्याच्या घरात रोज लागतं. पाणी, बियाणं, औषध, कर्ज. मग त्याला जग बुडवायची धमकी द्यावीच लागत नाही.

काळ कोणता घ्यायचा ह्यावर आमची मारामारी झाली होती जवळजवळ. एक गट म्हणतो आजचाच. माझं म्हणणं, मागं जा. आज हेराचं काम अर्ध्याहून जास्त मोबाईलच करतोय, लोकेशन तिथं, फोटो तिथं, मग बाँड पळायलाय कशासाठी तेच कळत नाही, आणि दर सीनला रेंज घालवायची म्हणजे लिहिणाऱ्याची लाज जाते. इयान फ्लेमिंगची पहिली कादंबरी १९५३ ची, महायुद्धात तो स्वतः नौदलाच्या गुप्तहेर खात्यात बसलेला माणूस. त्या काळात एक कागद इथून तिथं न्यायला माणूस लागायचा.

आणि मागं गेलात की एक खजिना सापडतो. सिडनी कॉटन म्हणून एक ऑस्ट्रेलियन वैमानिक होता, १९३९ ला साध्या प्रवासी विमानात कॅमेरे लपवून त्यानं ब्रिटिशांसाठी जर्मनीचे फोटो काढले. फ्लेमिंगची त्याची ओळख होती, बाँड घडवताना हा पण डोक्यात असावा असं काही लोक म्हणतात. हाच कॉटन १९४८ ला काय करत होता माहितीय? कराचीहून रातच्या रातच्याला विमानानं निजामाला बंदुका पोचवत होता! म्हणजे आमच्याच राज्यात, कारण अख्खा मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, १३ ला फौज घुसली, १७ ला निजाम शरण, तो दिवस आपण अजून झेंडावंदन करून पाळतो. नंतर कॉटनवर इंग्लंडात खटला झाला, दंड किती तर २०० पौंड. एवढा फायद्याचा सौदा मोंढ्यात पण होत नाही.

बाँडला इकडं आणायचंच असलं तर एक पथ्य पाळा, १९८३ ला उदयपुरात आणला होता तसा आणू नका, रिक्षाचा पाठलाग, तलवार गिळणारा, निखाऱ्यावर चालणारा, सगळा जत्रेचा माल. इथला हेर दाखवायचा तर बहिर्जी नाईक आठवा. १६७९ ला महाराजांनी आमचं हे जालना लुटलं, परत जाताना संगमनेरजवळ मोगलांनी गाठलं, तेव्हा बहिर्जीनं आडवाटेनं काढून पट्टागडावर सुखरूप नेलं. त्याचं हत्यार काय, तर वाट माहिती असणं. तुमच्या बाँडला पण असं एकच काहीतरी नीट येऊ द्या, आणि ते शेवटी एकदाच वापरा.

माझी दुसरी स्टोरी मग १९४८ ला सुरू केली. कराचीच्या धावपट्टीवर रात्री पेट्या मोजायलेत, बाँड तिथं हिशोबनीस बनून वही धरून उभा आहे, अजून त्याला कोणी डबल ओ, म्हणजे मारायचं लायसन असलेला हेर, केलेलं नाही. आमच्या दुकानातल्या मुनीमकाकांना वाचून दाखवली. काका पिक्चर पाहत नाहीत, काट्यावरची नजर न काढता ऐकत होते. संपल्यावर म्हणले, "पेट्या चढवल्या तेव्हा चाळीस लिवल्यात अन् उतरवल्या तेव्हा सदतीस. तीन कुठं गेल्या?"

ती माझी लिहिण्यातली चूक होती. तिथून पुढची सगळी स्टोरी आता त्या तीन पेट्यांची आहे.