मेंढ्या गाभण राहत नाहीत? मेंढीला दोष द्यायच्या आधी या चुका टाळा

पन्नास मेंढ्या, मेंढा पण दिसायला एकदम तगडा, आणि वीत (विण्याचा हंगाम) संपली तेव्हा कोकरं किती तर बावीस. मग सुरू होतं, मेंढ्याच वांझ निघाल्या, कुणाची तरी नजर लागली, नायतर असं एखादं इंजेक्शन सांगा की मारलं की सगळ्या माजावर येतील. माण, आटपाडी, जत, सांगोला इकडं हे दरवर्षी ऐकायला मिळतं आणि मी प्रत्येकाला एकच विचारतो, मेंढा लागायच्या आधीचे दोन महिने कसे गेले ते सांगा. कारण मेंढी फळणार का नाही हे बरंचसं त्या दोन महिन्यांतच ठरलेलं असतं, नंतर आपण फक्त निकाल बघत बसतो.

मेंढा तपासत नाही ही सगळ्यात मोठी चूक

एक मेंढी खाली (गाभण न होता) राहिली तर एक कोकरू गेलं, पण मेंढा बाद असेल तर अख्खं खांड (कळप) खाली राहतं, तरी तपासणी होते ती मेंढ्यांचीच. आमच्या मेंढ्यांच्या वाड्यावर (तळावर) एका वर्षी मे महिन्यात मेंढ्याला जोराचा ताप आला, चार-पाच दिवसांत बरा झाला, खायला लागला, आम्ही विसरून पण गेलो, आणि जूनच्या शेवटी तो मेंढ्यांना लागत होता, उड्या मारत होता, सगळं व्यवस्थित वाटत होतं, पण सतरा दिवसांनी जवळजवळ सगळ्या मेंढ्या परत माजावर, म्हणजे गाभण राहिल्याच नव्हत्या. त्या वर्षीची नोव्हेंबरची वीत पूर्ण गेली. कारण नंतर कळलं. मेंढ्याचं वीर्य तयार होऊन बाहेर यायला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळं आज आलेल्या तापाचा, कडक उन्हाचा फटका आज दिसत नाही, पुढचे सहा-आठ आठवडे दिसत राहतो. अंड शरीरापेक्षा थंड राहावं म्हणून तर ते बाहेर लोंबतं, आणि आपण एप्रिल-मे मध्ये मेंढ्याला पत्र्याखाली बांधून ठेवतो. सावली झाडाची द्या, पाणी दिवसातनं दोन-तीन वेळा दाखवा, अंडावर लोकर जास्त असेल तर हलक्या हातानं कातरून घ्या.

मेंढा विकत घेताना लोक शिंगं बघतात, नाकाचा बाक बघतात, माडग्याळी जातीचा असला तर नाकावरच हजारो रुपये जास्त मोजतात. मी म्हणतो आधी खाली हात घाला. दोन्ही अंड सारखे पाहिजेत, हाताला घट्ट पाहिजेत, कुठं गाठ, सूज, दुखरेपणा नको. एकच अंड खाली उतरलेला मेंढा कितीही देखणा असला तरी पैदाशीला ठेवायचा नाही, हा दोष पुढं उतरतो. मग खुरं आणि दात बघा, कारण मागच्या पायानं लंगडणारा मेंढा मेंढीवर चढणार कसा. आणि एका मेंढ्यामागं पंचवीस-तीस मेंढ्या ठीक आहेत, नवीन दोनदाती पोरगा (दोनच मोठे दात आलेला तरुण मेंढा) असेल तर त्याहून कमी. एकाच मेंढ्यावर ऐंशी मेंढ्या सोडायच्या आणि मग औषध शोधत फिरायचं, असं करू नका.

जुळ्याचा मेंढा आणला तरी जुळी नाहीत, हे कसं?

हा गैरसमज मला फार महत्त्वाचा वाटतो कारण यात लोकांचे पैसे जातात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातली छोटी गरोळ मेंढी आणून तिच्यातला जुळ्यांचा जनुक आपल्या दख्खनी मेंढीत उतरवला, त्यातनं नारी सुवर्णा ही जुळी देणारी मेंढी तयार झाली. आपली दख्खनी बहुतेक वेळा एकच कोकरू देते, त्यामुळं हे काम खरंच मोठं आहे. पण लोक सुवर्णाचा मेंढा आणतात, आपल्या दख्खनी मेंढ्यांना लावतात, पहिल्या वितीला एकेकच कोकरू बघून म्हणतात फसवलं. फसवलेलं नसतं हो. एका वेळी किती कोकरं होणार हे मेंढी किती बीजं सोडते त्यावर ठरतं, मेंढ्यावर नाही. मेंढ्याचा तो गुण त्याच्या मुलींमध्ये दिसणार, म्हणजे त्याच्या पोटच्या पाठी (मादी कोकरं) मोठ्या होऊन विणार तेव्हा, आणि त्याला दोन वर्षं तरी थांबायला लागतं. त्या आधीच मेंढा खाटकाला दिला तर काय हाती लागणार? आणि दुसरी बाजू पण सांगतो, जुळी आली म्हणजे दूध, खुराक आणि लक्ष तिन्ही जास्त लागणार, नुसत्या माळरानाच्या चाऱ्यावर वर्षभर फिरणाऱ्या वाड्याला जुळी जगवणं सोपं नाही, हा विचार करूनच मेंढा आणा.

चारा कधी वाढवायचा

उन्हाळ्यात मेंढ्या वाळतात, पाऊस पडला की हिरवं खाऊन भरतात आणि आषाढ-श्रावणात माजावर येतात, हे आपल्या आजोबांना पण माहीत होतं. बाहेरच्या देशांतले व्हिडिओ बघून काही जण म्हणतात दिवस लहान झाल्याशिवाय मेंढी माजावर येत नाही. थंड देशांतल्या जातींचं ते खरं आहे, आपल्याकडं दिवसाच्या लांबीत फारसा फरक पडत नाही, दख्खनी वर्षात कधीही माजावर येऊ शकते, अडतं ते पोटावर. म्हणून मेंढा सोडायच्या दोन-तीन आठवडे आधीपासनं मका, बाजरी किंवा ज्वारीचा भरडा मेंढीमागं दोनशे-अडीचशे ग्रॅम रोज चालू करा आणि मेंढा सोडल्यावर पण दोन-तीन आठवडे ठेवा. एकदम अडीचशे ग्रॅम टाकू नका, पोट फुगून मेंढी जाते, पन्नास ग्रॅमपासनं वाढवत न्या. कमरेच्या मणक्यावरनं हात फिरवा, हाडं टोचत असतील त्या मेंढीला या खुराकाचा सगळ्यात जास्त फायदा, आणि जिचं हाडच सापडत नाही अशी चरबी चढलेली असेल तिला देऊन काही उपयोग नाही, उलट अशी मेंढी फळायला अवघड जाते. मिनरल मिक्शर आणि मीठ वर्षभर ठेवा, ते फार महाग नाही.

पाठींना लवकर लावायची घाई पण नडते. आईच्या वजनाच्या साधारण सत्तर टक्के वजन झाल्याशिवाय पाठ लावू नका, नायतर तिची स्वतःची वाढ खुंटते, कोकरू कमजोर येतं, दूध उतरत नाही. अडचण ही की मेंढा वर्षभर खांडातच असतो, कोण कुणाला कधी लागला कुणाला पत्ता नाही, आणि बाप स्वतःच्या मुलींना लागतो. दोन वर्षं झाली की मेंढा बदलाच. फक्त शेजारच्या वाड्याशी अदलाबदल करताना बघा, गेल्या खेपेला आपणच त्यांना दिलेल्या मेंढ्याचा पोरगा परत आपल्याकडं येत नाही ना.

गेरूवरनं दोष ओळखा

हे करायला फार खर्च येत नाही. गेरू गोड्या तेलात कालवायचा आणि मेंढ्याच्या छातीला दोन पायांच्या मधी लावायचा, तो चढला की मेंढीच्या पाठीमागं रंग लागतो. ऑइलपेंट लावू नका, कातडी खराब होते. सोळा-सतरा दिवसांनी रंग बदला, आधी फिका आणि मग गडद. मेंढीचा माज एक-दीड दिवसच टिकतो आणि गायीसारखी ती ओरडत पण नाही, म्हणून नुसतं बघून कळत नाही, रंग मात्र सगळं सांगतो. रंग कुणालाच लागला नाही तर एकतर मेंढ्या माजावरच नाहीत म्हणजे चारा कमी, नायतर मेंढा लंगडा, आजारी. सगळ्यांना लागला आणि सतरा दिवसांनी सगळ्यांना परत दुसरा रंग, मेंढा बाद, त्याच दिवशी दुसरा आणा. चार-पाच मेंढ्याच उलटल्या (परत माजावर आल्या) तर दोष त्या मेंढ्यांत. आणि मेंढी पंचवीस-तीस दिवसांनी उलटली तर बहुतेक गर्भ राहिला होता आणि मेला.

तो का मेला? तर लागल्यावर पहिल्या महिन्यात आपण तिला टेम्पोत घालून नेलं, भर उन्हात पंधरा-वीस किलोमीटर चालवलं, कातरणी केली, नायतर जंताचं औषध पाजलं. अल्बेंडाझोल पहिल्या दीड महिन्यात अजिबात नको, गर्भाला व्यंग येतं. जंताचं औषध मेंढा सोडायच्या आधीच उरकून घ्या, आंत्रविषाराची (आतड्यात विष होणाऱ्या रोगाची) लस पण पावसाच्या आधीच. फिरत्या वाड्याला चालणं टाळता येत नाही हे मला माहितीय, पण निदान तो महिना सकाळ-संध्याकाळ छोटे टप्पे करा.

गाभणपणाचा शेवटचा दीड महिना वेगळा. कोकराची बहुतेक वाढ तेव्हाच होते, पोटात जागा कमी, चारा कमी जातो, आणि जुळं असलेली मेंढी वेगळी उभी राहते, दात खाते, दिसेनासं होतं आणि बसते. तेव्हा पळापळ करून फारसं हाती लागत नाही, भरडा आधीच चालू पाहिजे.

आणि शेवटच्या दोन महिन्यांत एकामागं एक मेंढ्या गाभडायला (गर्भ टाकायला) लागल्या तर खुराकाचा नाही, रोगाचा संशय घ्या. ब्रुसेला असू शकतो आणि तो माणसाला पण होतो, ताप येतो, सांधे धरतात, महिनोन्महिने जात नाही. गाभडलेलं कोकरू आणि वार उघड्या हातानं उचलू नका, कुत्र्यांना टाकू नका, चुना टाकून खोल पुरा, ती मेंढी बाजूला बांधा, दूध उकळल्याशिवाय पोरांना देऊ नका. दवाखान्यात सांगून रक्त तपासून घ्या, मेंढीचं आणि मेंढ्याचं, दोघांचं.