लष्करी हवाई तळाची वसाहत करताना

बंद झालेल्या लष्करी हवाई तळावर वसाहत उभारायची असेल, तर भूखंडांचा आराखडा काढण्याआधी तळाचे जुने दप्तर मागवावे. विमानांचे सुटे भाग कोठे धुतले जात, इंधनाच्या टाक्या कोठे पुरल्या होत्या, कचरा कोठे गाडला जाई, हे त्यावरून कळते. दप्तर अपुरे असल्यास जुनी हवाई छायाचित्रे आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आठवणी कामी येतात.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातला लाउरी हवाई तळ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १९९४ मध्ये तो बंद झाला, तेव्हा सुमारे १,८६६ एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. तळ डेन्व्हर आणि ऑरोरा या दोन शहरांत विभागलेला असल्याने दोघांनी मिळून एकच पुनर्विकास प्राधिकरण नेमले. हद्दीचा वाद असा आरंभीच मिटवावा. घरे उभी राहिल्यावर तो मिटवणे फार जड जाते.

खरी कसोटी मात्र जमिनीखाली असते. धातूवरचे वंगण काढण्यासाठी वापरले जाणारे ट्रायक्लोरोइथिलीन हे विषारी द्रावक पाण्याहून जड असल्यामुळे भूजलात खोल उतरते आणि त्याची वाफ मातीतून वर येऊन घरात शिरू शकते. लाउरीच्या भूजलातही ते सापडले. म्हणून माती, भूजल आणि मातीतील वायू यांची तपासणी वेगवेगळी करावी. शंका असलेल्या जागी घराच्या पायाखाली वाफ अडवणारा पडदा आणि ती बाहेर सोडणारी नळी आधीच बसवावी. एवढ्यानेही निश्चिंत होता येत नाही: २००३ मध्ये लाउरीच्या मातीत पूर्वी पाडलेल्या इमारतींच्या राड्यारोड्यातले, श्वासावाटे घातक ठरणारे तंतुमय अ‍ॅस्बेस्टॉस आढळले, आणि तोवर तेथे घरबांधणी सुरू झालेली होती. कोणती इमारत केव्हा पाडली व तिचा राडारोडा कोठे गेला, ही यादी मला तरी सर्व नकाशांहून मोलाची वाटते.

जमिनीचा ताबा टप्प्याटप्प्याने घ्यावा आणि पूर्वीच्या प्रदूषणाची जबाबदारी कोणाकडे राहील, हे हस्तांतराच्या करारात स्पष्ट लिहून घ्यावे. तळाच्या जलवाहिन्या व मलवाहिन्या नगरपालिकेच्या मानकांप्रमाणे असतीलच असे नाही. त्या बदलण्याचा खर्च सुरुवातीलाच धरावा. धावपट्टीचे काँक्रीट फोडून त्याची खडी नव्या रस्त्यांखाली वापरता येते.

जुन्या वास्तू सरसकट पाडू नयेत. लाउरीच्या एका हँगरमध्ये आज विमान-संग्रहालय आहे, तर सैनिकांच्या एका बराकीत सदनिका झाल्या आहेत. परवडणाऱ्या घरांसाठी तेथे भू-न्यासाचा मार्ग अवलंबला गेला: जमीन न्यासाची, घर कुटुंबाचे, आणि पुनर्विक्रीच्या किमतीवर मर्यादा. ही तरतूद भूखंड विकण्यापूर्वी करावी, कारण परिसर नावारूपाला आल्यावर जमिनीचे भाव न्यासाच्या आवाक्याबाहेर जातात.