हवामान-अनुकूलनासाठी जाहीर झालेला निधी कसा तपासावा

दरवर्षी, बहुधा नोव्हेंबरात, संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद भरते आणि श्रीमंत देश गरीब देशांना किती अब्ज डॉलर देणार, याचा आकडा वर्तमानपत्रांत येतो. त्यातून दुष्काळ, पूर आणि चक्रीवादळे यांना तोंड देण्यासाठी, म्हणजेच बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठी (यालाच ‘अनुकूलन’ म्हणतात), खरोखर किती मदत मिळणार आहे, हे सामान्य वाचकालाही थोड्या चिकाटीने तपासता येते. ते कसे करावे, हे येथे मांडले आहे.

तपासणीला बसण्याआधी एक गोष्ट मनात पक्की असावी. १९९२ च्या हवामान बदलविषयक कराराच्या चौथ्या कलमानुसार, विशेष धोक्यात असलेल्या विकसनशील देशांना अनुकूलनाचा खर्च भागवण्यास साहाय्य करणे हे विकसित देशांवर बंधनकारक आहे. वातावरणात साठलेल्या कर्बवायूंचा मोठा वाटा ज्यांच्या कारखान्यांतून आणि वाहनांतून आला, त्यांनी मान्य केलेले हे देणे आहे. त्यामुळे त्याचा काटेकोर हिशेब मागण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

पहिले काम म्हणजे आकड्याचे एकक आणि त्याचे आधारवर्ष पाहणे. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी आणि एक मिलियन म्हणजे दहा लाख. बातम्यांच्या भाषांतरात येथेच अनेकदा चूक होते. आधारवर्षाचे महत्त्व एका उदाहरणावरून कळेल. २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत अनुकूलन निधी २०२५ पर्यंत दुप्पट करण्याचे आवाहन विकसित देशांना केले गेले, तेव्हा ‘२०१९ च्या तुलनेत’ असे स्पष्ट लिहिले होते. २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलेम येथील परिषदेत हा निधी २०३५ पर्यंत किमान तिप्पट करण्याची भाषा आली. पण कोणत्या रकमेच्या तिप्पट, हे त्या वाक्यात सांगितलेले नाही. असे वाक्य दिसले की त्यावरून कोणतीही रक्कम गृहीत धरू नये.

त्यानंतर एकूण रकमेतून अनुकूलनाचा वाटा वेगळा काढावा. २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन २००९ मध्ये कोपनहेगन येथे दिले गेले. श्रीमंत देशांचीच संघटना असलेल्या ओईसीडीच्या हिशेबानुसार २०२० मध्ये ८३.३ अब्ज डॉलर जमले आणि शंभराचा टप्पा २०२२ मध्ये, म्हणजे दोन वर्षे उशिरा, ११५.९ अब्जांनी ओलांडला गेला. यांपैकी अनुकूलनासाठी ३२.४ अब्ज होते. उरलेल्यातील बहुतांश रक्कम सौरऊर्जा, रेल्वे अशा उत्सर्जन कमी करणाऱ्या कामांकडे गेली, कारण त्यांतून उत्पन्न मिळते आणि गुंतवलेला पैसा परत येतो. समुद्राचे पाणी अडवणाऱ्या बांधातून तसे उत्पन्न मिळत नाही. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२५ च्या अहवालानुसार विकसनशील देशांना २०३५ पर्यंत अनुकूलनासाठी दरवर्षी ३१० ते ३६५ अब्ज डॉलर लागतील, तर २०२३ मध्ये मिळालेली सार्वजनिक आंतरराष्ट्रीय मदत सुमारे २६ अब्ज डॉलर होती. या दोन संस्थांच्या मोजण्याच्या रीती भिन्न आहेत, म्हणून एकीच्या आकड्यातून दुसरीचा आकडा वजा करू नये.

‘अनुकूलन’ हे लेबल देणारा देश स्वतःच लावतो, हेही लक्षात ठेवावे. ओईसीडीच्या पद्धतीत अनुकूलन हा प्रकल्पाचा मुख्य हेतू असेल तर दोन गुण आणि दुय्यम हेतू असेल तर एक गुण दिला जातो. एक गुण मिळालेल्या प्रकल्पाची किती टक्के रक्कम हवामान निधीत धरायची, हे प्रत्येक देश आपापल्या परीने ठरवतो. हैतीमधील समुद्रकाठच्या एका हॉटेलाच्या विस्तारासाठी अमेरिकेने दिलेले कर्ज, तेथे पावसाचे पाणी वाहून नेण्याची आणि वादळापासून बचावाची सोय होती म्हणून, हवामान निधीत मोजले गेले होते. म्हणूनच प्रकल्पाच्या शीर्षकावर न थांबता त्यातील कामांची यादी वाचावी.

सर्वाधिक वेळ मात्र कर्ज आणि अनुदान यांतील फरकावर द्यावा, कारण मदतीचे खरे मोल येथे ठरते. २०२२ च्या सार्वजनिक हवामान निधीत कर्जाचा वाटा ६९ टक्के आणि अनुदानाचा २८ टक्के होता. महाराष्ट्रातील दोन प्रकल्प शेजारी ठेवले की फरक समजतो. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील पंधरा जिल्ह्यांच्या सुमारे पाच हजार गावांत राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाला, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडी असलेल्या ‘पोकरा’ला, जागतिक बँकेने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलर दिले. शेततळी, ठिबक संच आणि मृद्‌संधारण यांसाठी तो पैसा उपयोगी पडला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ते कर्ज आहे आणि त्याची परतफेड भारतीय करदात्यालाच करावी लागणार आहे. दुसरीकडे आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशा यांच्या किनाऱ्यांवरील कांदळवने आणि तेथील लोकांची उपजीविका जपण्यासाठी, ज्यात आपला सिंधुदुर्गही येतो, ग्रीन क्लायमेट फंडाने, म्हणजे हवामान करारांतर्गत विकसनशील देशांना पैसा पुरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीने, त्याच वर्षी ४.३४ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले. हे परत करायचे नाही. तरीही एकूण १३.०३ कोटी डॉलरच्या त्या प्रकल्पातील सुमारे दोन तृतीयांश रक्कम भारताच्या बाजूनेच यायची होती.

म्हणून कर्ज असेल तर व्याजदर, मुदत आणि बाजारातील कर्जापेक्षा ते किती स्वस्त पडते, हे शोधावे. जेवढी सवलत, तेवढीच मदत धरावी. या सवलतीच्या भागाला ‘अनुदान-समतुल्य’ म्हणतात. जो दुष्काळ शेतकऱ्याने ओढवून घेतला नाही, त्याच्याशी झुंजण्यासाठी दिलेले पूर्ण कर्ज ‘मदत’ म्हणून मोजणे मला अन्यायाचे वाटते.

यापुढे घोषणा, करार आणि प्रत्यक्ष वितरण या तीन पायऱ्या वेगळ्या तपासाव्यात. अमेरिकेने २०१४ मध्ये ग्रीन क्लायमेट फंडाला ३ अब्ज डॉलर देण्याचे जाहीर केले. जानेवारी २०१७ पर्यंत १ अब्ज पोहोचले, मग सरकार बदलले आणि पुढचा १ अब्ज २०२३ मध्ये आला. या फंडाच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाचे स्वतंत्र पान असते (वरील किनारी प्रकल्पाचा क्रमांक एफपी ०८४ आहे) आणि तेथे मंजूर रक्कम व वितरित रक्कम निरनिराळी दिलेली असते. जागतिक बँकेच्या प्रकल्पांची कागदपत्रेही अशीच खुली असतात.

शेवटची तपासणी गावात करावी. प्रकल्पाच्या कागदपत्रांत जिल्हा किंवा गाव सापडले की संबंधित खात्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करून चार बाबी विचाराव्यात: आपल्या गावासाठी मंजूर रक्कम, झालेला खर्च, कामांची जागेसह यादी आणि लाभार्थी निवडीचे निकष. पाचवी बाब बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे प्रकल्पाची मुदत संपल्यावर बंधाऱ्यातील गाळ काढण्याचा किंवा लावलेल्या कांदळवनाची राखण करण्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होणार आहे. त्याचे लेखी उत्तर घ्यावे आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवावे.