लेकॉकला जायचंय? दुपार टाळा

इंग्लंडमधलं विल्टशायरचं लेकॉक पाहायचं तर सकाळी लवकर पोहोचा किंवा संध्याकाळी फिरा. मधल्या वेळेत पर्यटकांच्या बस येतात आणि चार गल्ल्यांचं हे गाव भरून जातं. लंडनच्या पॅडिंग्टनहून ट्रेनने जवळचं चिपनम स्टेशन साधारण सव्वा तासावर आहे, तिथून बस किंवा टॅक्सी. रविवारी जाणार असाल तर बसचं वेळापत्रक आधी पाहा, नाहीतर तीन-चार मैल पायपीट ठरलेली. गाडी गावाबाहेरच्या पार्किंगमध्येच ठेवा.

गावाचा बराचसा भाग 1944 पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, पण घरांत माणसं राहतात. सिनेमा-मालिकांच्या चित्रीकरणामुळे सगळाच सेट वाटतो खरा, तरी खिडकीला नाक लावून आत डोकावू नका. अंगणातले फोटोही विचारूनच. गल्ल्यांत फिरायला तिकीट नाही, ॲबीला म्हणजे इथल्या जुन्या मठाला आहे. माझ्या मते ते पैसे वसूल होतात. 1232 मध्ये स्थापन झालेल्या या मठाच्या ओवऱ्या सुंदर आहेतच, पण खरं आकर्षण एक जाळीदार खिडकी. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ऑगस्ट 1835 मध्ये तिचाच फोटो घेतला. त्याची निगेटिव्ह ही आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी कॅमेरा निगेटिव्ह मानली जाते. ॲबीतल्या खोल्या आणि बाहेरच्या परिसराच्या वेळा वेगळ्या असू शकतात, आदल्या दिवशी तपासा.

जेवण उशिरावर ढकलू नका. खेड्यांतल्या अनेक पबमध्ये दुपारनंतर संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघर बंद असतं, मग चहा आणि स्कोनवर, म्हणजे छोट्या गोडसर पावावर, भागवावं लागतं.